अर्धं तिकीट : चिऊच्या पाचव्या वाढदिवसाच्या प्रकल्प नोंदी

१ मे २०२५, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. चिऊचा वाढदिवस ३१ मेला, शनिवारी. मुलांना बोलवायचं रविवारी, १ जूनला. हातात महिना आहे. मागच्या वर्षी कुठला कागद कशानं चिकटला आणि कुठला दुसऱ्या दिवशी गळून पडला, यातलं काहीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून यंदा ही वही.

विषय ठरवायला जंगल, समुद्र आणि फुलपाखरं अशी तीन चित्रं काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं एकालाही हात लावला नाही. "यष्टी," म्हणाली. 'एसटी' नाही, 'यष्टी', कारण हा शब्द तिला आबांकडून मिळालाय. आबा म्हणजे माझे सासरे. ३१ वर्षं कंडक्टर होते, २००७ साली निवृत्त झाले.

तिनं हे का निवडलं ते मला ठाऊक आहे. मार्चमध्ये एका लग्नासाठी कोरेगावला जाताना कंडक्टरनं तिचं वय विचारलं. आबा म्हणाले, "पाच पुरी व्हायला दोन महिनं हायेत अजून." तिकीट लागलं नाही. पाचच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं, हा नियम आबांनी तिला परतीच्या वाटेवर समजावून सांगितला. तेव्हापासून तिच्या लेखी पाच वर्षांचं होणं म्हणजे तिकीट लागणं. सगळ्यांना सांगत सुटलीय, "मला आता अर्धं लागणार."

आबांनी आज आणखी एक भर घातली. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, म्हणजे १ जून हा एसटीचाही वाढदिवस. ती पहिली गाडी निळी होती, वर रुपेरी. मी चिऊला विचारलं, आपण निळी करायची का? "निळी यष्टी नसते," एवढंच उत्तर मिळालं.

३ मे, शनिवार

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानातून फ्रिजचे दोन रिकामे खोके मिळाले. पाच प्लायचा पुठ्ठा, आडवा केला की १६५ सेंटिमीटर लांब आणि ६५ रुंद. दोन जोडले तर सव्वातीन मीटरची गाडी होईल, मुलं आत बसतील, असा विचार आहे. रिक्षात एक खोका मावला, दुसरा चिऊचा बाबा डोक्यावर घेऊन चालत आला.

४ मे, रविवार

हा विचार सोडला.

दार कापून चिऊला आणि शेजारच्या दोघांना आत पाठवलं. तिसरं मूल शिरल्यावर कुणाला हलता येईना, आणि साडेतीन वर्षांचा धाकटा अंधाराला घाबरून रडू लागला. बाहेरून मला एकाचाही चेहरा दिसत नव्हता. येणार आहेत अकरा मुलं, साडेतीन ते सात वर्षांची. ज्या वस्तूत मूल शिरलं की मोठ्यांना दिसेनासं होतं, ती वस्तू लहानांसाठी करायचीच नाही, हे आता ठरवून टाकलं.

नवी रचना अशी. खोके फाडून आठ फळ्या होतात. त्यांच्या दोन लांब भिंती करायच्या, प्रत्येक दुहेरी. छत नाही, तळ नाही. हॉलमध्ये दोन्ही भिंती समांतर उभ्या करायच्या, मध्ये सव्वा मीटर जागा, आणि सीट म्हणून घरातले पाट. पुढं ड्रायव्हरची खुर्ची, मागं दार. अशी गाडी मोठ्यांना वरून पूर्ण दिसते आणि मुलांना मात्र खिडकी, भिंत, दार, सगळं मिळतं.

१० मे, शनिवार

रंग.

पहिली चूक : घरात उरलेल्या पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये लाल स्टेनर घातला. बाटली संपत आली तरी रंग गुलाबीच. चिऊ लांबूनच म्हणाली, "ही यष्टी नाही." पांढऱ्यात लाल कितीही मिसळला तरी तो गुलाबीच्या पुढं जात नाही. तो हात अस्तर म्हणून ठेवला आणि वरून पोस्टर कलरचा लाल द्यायचं ठरलं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. एका फळीला बाहेरच्या बाजूनंच रंग दिला आणि रात्रभर ठेवली. सकाळी ती तळलेल्या पापडासारखी वाकलेली. पुठ्ठ्याची एकच बाजू भिजते, तिथले तंतू फुगतात, दुसरी बाजू कोरडीच राहते, मग फळी वळते. उपाय सोपा निघाला. ज्या वेळी पुढून रंग, त्याच वेळी मागून पातळ खळीचा हात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ओल्या होतात. मग अर्धवट सुकल्यावर गादीखाली सपाट दाबून ठेवायची. वाकलेली फळीही मागून ओली करून दाबली, बरीचशी सरळ झाली.

खळ : १ वाटी मैदा, ४ वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर शिजवायची, शेवटी चिमूटभर तुरटी. पूर्वी खळीत मोरचूद घालत, बुरशी आणि झुरळं लागू नयेत म्हणून. आईंनी (सासूबाईंनी) तेच सुचवलं होतं, पण मोरचूद विषारी आहे आणि इथं बोटं चाटणारी मुलं हात घालणार आहेत. मोरचूद नाही म्हणजे नाही.

लाल रंगाचे दोन्ही हात मुलांनीच दिले, गादीच्या जुन्या फोमचे तुकडे करून. ब्रशनं लहान मुलांच्या हातून पट्टे पडतात, फोमनं रंग एकसारखा बसतो आणि कमी ओघळतो. खिडक्या मात्र मी रात्री कापल्या, कटरच्या वेळी मुलं झोपलेली असावीत. कापलेल्या कडेनं बोटं चिरतात, म्हणून सगळ्या कडांवर कागदी टेप.

११ मे, रविवार

स्टिअरिंग : भरतकामाची मोठी लाकडी रिंग, वर सुतळी गुंडाळली. आडव्या पट्टीला मध्ये भोक पाडून नट-बोल्टनं बसवली, दोन्हीकडे बाटलीच्या झाकणांचे वायसर. हे करायला पाऊण तास लागला, पण त्याशिवाय चालणार नव्हतं. न फिरणाऱ्या स्टिअरिंगशी मूल फार तर दोन मिनिटं खेळेल.

चाकं पुठ्ठ्याची, दिवे जुन्या सीडींचे. यात लिहिण्यासारखं काही नाही.

नंबरप्लेटवर आबा पहिल्यांदा जवळ येऊन बसले. आतापर्यंत ते आरामखुर्चीतून बघत होते आणि "एवढा खटाटोप कशापायी" म्हणत होते. मी एमएच ११ लिहायला घेतलं, सातारा म्हणून. ते म्हणाले, "आगं, एमएच ११ आपल्या मोटारसायकलीला. यष्टी जिथं बांधली तिथला नंबर." एसटीच्या गाड्यांची बॉडी बांधायच्या कार्यशाळा तीन : पुण्यात दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. म्हणून रस्त्यावर बघावं तर एमएच १४, एमएच २० आणि एमएच ४० याच पाट्या जास्त. आयुष्यभर या गाड्यांतून फिरले, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आमची गाडी दापोडीची ठरली : एमएच १४, ३१०५. नंतरचे चार आकडे वाढदिवसाची तारीख.

१४ मे, बुधवार

घंटी. आबांचं म्हणणं, घंटीशिवाय गाडी हलूच शकत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. देवघरातली घंटा आईंनी दिली नाही, बरोबरच आहे. गावाकडून बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आणली.

दोरीचा प्रश्न होता. लहान मुलांच्या खेळात लोंबती लांब दोरी नको, गळ्यात अडकायची भीती असते. म्हणून दोरी भिंतीच्या वरच्या कडेनं आडवी, ताणून नेली आणि खाली फक्त वीतभर शेपटी सोडली. दोरी पुठ्ठ्याला बांधली नाही, कपड्यांच्या चिमट्यांत धरवली. हलक्या हातानं ओढली तर घंटी वाजते, कुणी लटकलं तर चिमटे सुटतात आणि सगळी दोरी खाली येते. मी स्वतः दहा वेळा जोरात ओढून पाहिली.

१७ मे, शनिवार

तिकिटं. या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला दिवस.

आबांकडे जुना पंच असेल असं मला वाटत होतं. नाही. पंच, तिकिटांचा ट्रे, सगळं डेपोत जमा केलेलं. ते म्हणाले, "सरकारी जिन्नस घरात कशाला ठेवीन?" मग ट्रे घरी केला. प्लायवूडची वहीएवढी पट्टी, त्यावर सायकलच्या ट्यूबचे आडवे कापलेले रबर, प्रत्येक रबराखाली एका रंगाची तिकिटं. आबांनी तो डाव्या हातावर घेतला आणि अंगठ्यानं एक तिकीट असं सरकवून काढलं की मुलं गप्पच झाली. यंत्र येण्याआधीची ही सगळी हातची कला.

मार्ग ठरला : सातारा – वाई – पाचगणी – महाबळेश्वर. महाबळेश्वरला मेढ्यावरून गेलं तर जवळ पडतं, पण वाईवरून गेलं की पसरणी घाट लागतो आणि घाट हवाच होता. वाईचं तिकीट पिवळं, पाचगणीचं गुलाबी, महाबळेश्वरचं हिरवं, सगळी घोटीव कागदाची. ठसे बटाट्याचे. बटाटा अर्धा कापून त्यावर गाडी कोरली, कापलेली बाजू फडक्यानं कोरडी केली (ओली राहिली तर रंग पसरतो), आणि शाईऐवजी घट्ट पोस्टर कलर फोमवर ओतून त्यावर ठसा. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल येतं. पाचवा वाढदिवस म्हणून प्रत्येक तिकिटावर एक भेंडीचं फूल, ही कल्पना चिऊची.

आसपासची सहा मुलं आली होती. दीडशे तिकिटं छापली. मी सगळ्यांवर 'अर्धे' असं लिहिलं. सात वर्षांच्या एकीनं वाचून दाखवल्यावर सगळे आपापलं तिकीट हातात धरून 'अर्धं, अर्धं' करत गच्चीवर पळाले. साडेतीन वर्षांच्या धाकट्याचा नियमानं प्रवास फुकट. त्याला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. आबांनी त्याला बाजूला नेऊन पिवळं तिकीट दिलं आणि हळूच म्हणाले, "हे खास हाय."

पंच म्हणून कचेरीतला एका भोकाचा पंच आणला. त्यातून पडणारे बारीक गोल ठिपके मुलांनी वाटीत जमवले. ठिपके टाकायचे नाहीत, अशी मला ताकीद आहे.

२१ मे, बुधवार

कालपासून पाऊस. वळिवाचा एखादा सपाटा नाही, आषाढासारखी झड. मे महिन्यात साताऱ्यात असं मी कधी पाहिलं नाही.

बाल्कनीच्या बाजूची भिंत हवेतल्या ओलीनंच मऊ पडली. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळ्या, म्हणजे दोन थरांमधल्या नागमोडी कागदाच्या घड्या, खोक्याच्या उंचीच्या दिशेनं असतात. खोका आम्ही आडवा केला, त्यामुळं त्या आता जमिनीला समांतर आहेत. म्हणून भिंत लांबीला ताठ असली तरी वरची कड माना टाकते. कोरड्या हवेत हे जाणवलं नव्हतं. मी लावलेले पुठ्ठ्याचे त्रिकोणी टेकूही ओले होऊन बसले. डब्यातल्या खळीवर हिरवी बुरशी आली, सगळी फेकली. तुरटीनं ती पाच दिवस टिकायची, या हवेत दोन.

रात्री फार वाईट वाटत होतं. चिऊनं भिंतीवर जुनी चादर घातली आणि म्हणाली, "तिला थंडी वाजतीय."

२४ मे, शनिवार

बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या. भिंतीच्या उंचीएवढ्या दहा कामट्या, दोन्ही थरांच्या मध्ये उभ्या सरकवल्या आणि कापडी टेपनं बंद केल्या. टोकं आधी घासून गुळगुळीत केली, मगच आत. आता भिंत हवेतल्या ओलीला दाद देत नाही. प्रत्येक भिंतीला बाहेरून दोन प्लास्टिकची स्टुलं, त्यांना सुतळीनं बांधून टाकली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पुन्हा कधी खोक्याची भिंत केली तर आधी कामट्या, मग रंग.

सजावट : फुगे नाहीत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मूल तोंडात घालतं आणि तो घशात चिकटतो, म्हणून या वयाच्या घोळक्यात मी फुगे आणत नाही. आईंच्या दोन जुन्या सुती साड्यांच्या त्रिकोणी पताका केल्या. थर्माकोलची ताटं राज्यात २०१८ पासून बंदच आहेत. मंडईतून पत्रावळी आणि द्रोण आणले.

२५ मे, रविवार

खेळांची तालीम, चार मुलांवर.

संगीत खुर्ची मला लहानपणापासून आवडत नाही. पहिल्या फेरीत बाहेर पडलेलं मूल उरलेला सगळा वेळ भिंतीला टेकून दुसऱ्यांची मजा बघत बसतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला यातून फक्त रडू मिळतं. एसटीत कोण बाहेर पडतं? तिथं सगळे सरकतात. म्हणून आमचा खेळ 'सरका'. संगीत थांबलं की सगळ्यांनी बसायचं. प्रत्येक फेरीला एक पाट कमी होतो, पण मूल एकही कमी होत नाही. जागा पुरत नाही तेव्हा "जरा सरका की" म्हणायचं आणि सरकून जागा करायची, मांडीवर घेतलं तरी चालेल. चार मुलं एका पाटावर आली तेव्हा हसून हसून खाली पडली.

'आईचं पत्र हरवलं'मध्ये पत्राऐवजी प्रवाशाची पिशवी. चाल तीच.

घाट : गाद्या आणि उशांची वळणावळणाची वाट, हातात चमचा, चमच्यात लिंबू. तालमीत लिंबू सारखं पडत होतं. लहानांसाठी चमच्याऐवजी डाव ठेवला.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी तोडायच्या. खऱ्यांचा हंगाम सरला, म्हणून कागदाच्या लगद्याच्या केल्या. पावसामुळं लगदा वाळेना. शेवटी गॅसवर लोखंडी तवा, त्यावर ताटली आणि ताटलीत स्ट्रॉबेऱ्या ठेवून मंद आचेवर वाळवल्या. दोरीला टांगलेल्या बावीस, प्रत्येकाला दोन.

एका खेळाला दहा मिनिटं, जास्त नाही. साडेचार ते साडेसहा, दोन तासांत सगळं.

२८ मे, बुधवार

मान्सून सोमवारी मुंबईत पोचलाही. एरवी तो तिथं ११ जूनच्या आसपास येतो.

पदार्थांची चाचणी. बसस्टँडवरच्या खाण्यात खारे शेंगदाणे असायलाच हवेत, असं आबांचं मत. पण अख्खा दाणा लहानांच्या घशात अडकू शकतो, म्हणून शेंगदाण्याच्या कुटाचे मऊ लाडू. सगळ्या आयांना आधी विचारून घेतलं. एका मुलाला शेंगदाणा चालत नाही, त्याला राजगिऱ्याचे. लिंबाएवढे बटाटेवडे, ओली भेळ, आमरस.

रव्याच्या केकला लाल रंग यावा म्हणून बीटचा रस घातला. कच्चं पीठ सुंदर लाल दिसत होतं, भाजून निघाला तो विटकरी. बीटचा रंग उष्णतेला टिकत नाही. आता साधाच केक करून वर स्ट्रॉबेरी जॅमचा थर. खिडक्या खोबऱ्याच्या कापांच्या.

३१ मे, शनिवार

सकाळी औक्षण. आईंनी पाटाभोवती रांगोळी काढली, सुपारीनं आणि अंगठीनं ओवाळलं, अक्षता टाकल्या. चिऊ पाटावर बसल्या बसल्या आबांना विचारत होती, "आता झाले का पाच पुरे?" आबा म्हणाले, "झालं. आता मोजायचं तिकीट."

१ जून, रविवार

रात्री साडेदहा. पाय दुखतायत, तरी आजच लिहिते.

अकराही मुलं आली. पाऊस उघडला होता. दारात आबा खाकी शर्ट घालून उभे, हातात ट्रे. तो शर्ट त्यांनी काल स्वतः इस्त्री केला. प्रत्येक मुलाला "कुठं जायाचं?" विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे, घाई करायची नाही. बहुतेक महाबळेश्वरला निघाले. एकानं "मामाच्या गावाला" म्हणून सांगितलं. आबांनी त्याला पाचगणीचं तिकीट दिलं, म्हणाले, "तिथं गाडी बदल."

ड्रायव्हर सगळ्यांनाच व्हायचं होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. थोडी ओढाओढी झाली, एक रडली. आबांनी घंटी वाजवली : एक. सगळे थांबले. दर घंटीला ड्रायव्हर बदलायचा, तिकिटाच्या क्रमानं, असं त्यांनी ठरवून दिलं. नंतर कुणी भांडलं नाही.

एक मुलगी गाडीत बसायलाच तयार नव्हती, आईचा पदर सोडेना. आग्रह केला नाही. थोड्या वेळानं ती आबांजवळ उभी राहिली. मग पंच तिच्या हातात आला. पुढचा तासभर ती प्रत्येकाचं तिकीट पंच करत होती, एकेका तिकिटाला आठ-आठ भोकं. ठिपके तिनं खिशात भरून घरी नेले. तिच्या आईनं निघताना सांगितलं की शाळेतल्या कुठल्याच कार्यक्रमात ती अशी रमत नाही.

'सरका' तालमीपेक्षा रंगला. अकरा मुलं तीन पाटांवर आली. एका आजोबांना राहवेना, तेही मध्ये येऊन बसले.

घाटात माझं नियोजन कोसळलं. लिंबू बाजूला राहिलं. गाडीत बसलेले सगळे "डावीकडं, उजवीकडं" करत एकदम झुकायला लागले आणि तिसऱ्या वळणाला उजवी भिंत स्टुलासकट बाहेरच्या बाजूला आडवी झाली. कुणाला लागलं नाही. पुठ्ठा हलका, दोरीचे चिमटे ठरल्याप्रमाणं सुटले. पण क्षणभर एकदम शांतता. चिऊचा ओठ थरथरायला लागलेला मी पाहिला.

आबा म्हणाले, "गाडी बंद पडली. सगळी उतरा. धक्का मारायचा."

मुलं उतरली. भिंत उभी केली आणि अकराच्या अकरा जणांनी मागून ढकलायला सुरुवात केली, "हय्या, हय्या" करत. गाडी खरोखर सरकायला लागली, पाटांवरून, गादीवरून, हॉलच्या दारापर्यंत. मग पुन्हा बंद पडली, पुन्हा धक्का. वीस मिनिटं हेच. मी महिनाभर आखलेल्या एकाही खेळाला वीस मिनिटं मिळाली नाहीत. 'पिशवी हरवली' राहूनच गेला, कुणी त्याची आठवणही काढली नाही. लाल रंग एका बाजूला सोलला, एक दिवा निखळला. चिऊनं तो हातात घेतला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "मी दिवा धरते, तू चल!"

महाबळेश्वर आलं. स्ट्रॉबेऱ्या तोडल्या, वडे खाल्ले, केक कापला. निघताना प्रत्येकाच्या हातात द्रोण, त्यात चार कंदी पेढे आणि आपापलं तिकीट.

२ जून, सोमवार

हिशेब. रंग आणि स्टेनर ३८०, टेप १५०, कामट्या १००, कागद आणि पंच २१०, पत्रावळी-द्रोण १४०, पेढे ६२०. खोके, साड्या, सायकलची ट्यूब आणि बैलाची घंटा यांना पैसे पडले नाहीत. वाणसामान धरलेलं नाही. स्टेनरचे पैसे वाचले असते.

गाडी मोडायची नाही असा हुकूम आहे. भिंती घडी करून पॅसेजमध्ये उभ्या केल्यात. संध्याकाळी शाळेत यावीत तशी शिस्तीत तीन मुलं आली आणि विचारलं, "आज बंद पडणार आहे का?"

पुढच्या वेळेसाठी : खेळ तीनच, आणि मोडलेली वस्तू पुन्हा उभी करायचा वेळ धरून ठेवायचा.

८ जून, रविवार

सातारा स्टँड, सकाळी ९ची वाईची गाडी. एमएच १४. पाटी चिऊनं आधी वाचली, मग चढली.

ती खिडकीत, मध्ये मी, कडेला आबा. कंडक्टर आले. आबा ७६ वर्षांचे, त्यांना पंचाहत्तरीनंतरचं मोफत तिकीट, यंत्रातून शून्य रुपयांचं निघतं. बायकांना २०२३ पासून निम्मं भाडं, म्हणून माझं अर्धं. मग चिऊ. तिनं स्वतः सांगितलं, "वाई. अर्धं." कंडक्टरनी वय विचारलं. "पाच पूर्ण. ३१ मेला."

तिकीट हातात आल्यावर तिनं माझ्याशी ताडून पाहिलं. "आई, तुझं पण अर्धं? तू पण पाच वर्षांची?" आबा खिडकीबाहेर बघत हसत होते. ३१ वर्षं त्यांनी तिकिटं फाडली, आज नातीचं तिकीट त्यांनी दोन्ही हातांत धरून पूर्ण वाचलं, टप्पे मोजले, आणि तिला परत दिलं.

मग तिनं फ्रॉकच्या खिशातून एका भोकाचा पंच काढला. घरून आणलेला, मला माहीत नव्हतं. तिन्ही तिकिटांना एकेक भोक पाडलं, आधी आबांच्या, मग माझ्या, शेवटी स्वतःच्या. ठिपके खिशात.

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर थोडा वेळ, परत.

यंत्राच्या तिकिटावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, डिंक लागला तर आणखी लवकर. म्हणून वहीच्या या पानावर चार तिरक्या चिरा पाडल्या आणि तिकिटाचे कोपरे त्यांत अडकवले. वर पेन्सिलीनं तारीख, मार्ग आणि 'अर्धं' असं लिहून ठेवलंय. अक्षर चिऊचं आहे.